जुनी सॅन स्टॉर्म घरीच उघडलीय, हेडलाईट लावली की टेंपरेचरचा काटा चढतोय, कुणी सांगेल का काय बघू?

होटगीरोडचा_पोरगा

नमस्कार सगळ्यांना, मी सोलापूरचा, होटगी रोडला राहतो, इथं बरेच दिवस वाचतोय पण लिहायची पहिलीच वेळ. गेल्या दिवाळीत २००७ ची सॅन स्टॉर्म घेतली, लाल, दोन सीटची, कापडी हूडवाली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही आपल्या देशात गोव्यात बनलेली गाडी, खाली लोखंडी फ्रेम, वरची सगळी बॉडी फायबरची आणि पुढं रेनोचं ११४९ सीसीचं डी७एफ इंजिन, तेच जे तिकडं युरोपात ट्विंगो आणि क्लिओला यायचं. पॉवर साधारण ६० बीएचपी. लोकांना आकडा कमी वाटतो पण गाडी हलकी आणि बसायची जागा इतकी खाली की पहाटे हूड मागं टाकून तुळजापूर रोडला निघालं की ७० चा स्पीडपण ११० सारखा वाटतोय. शाळेत असताना सात रस्त्याला अशीच एक उभी बघितली होती, तेव्हापासून डोक्यातनं गेलीच नाही.

गाडी माझ्याकडं यायच्या आधी चार वर्षं शेडमध्ये उभी होती. आल्यावर मी घरच्या पार्किंगमध्येच काम सुरू केलं. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर बदलला (भारतात मिळंना, बाहेरनं क्लिओचा मागवला, बरोब्बर बसला), प्लग, ऑइल, फिल्टर बदललं, पेट्रोलचे सगळे रबरी पाईप काढून इथेनॉलला टिकणारे टाकले कारण आता पंपावर सगळीकडं ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतंय आणि जुने पाईप दाबले की तडकत होते. ब्रेक पण केले. इंजिन आता मस्त चालतंय, आयडल एकसारखं.

आता प्रॉब्लेम. दिवसा काटा अर्ध्याच्या जरा वर असतो. हेडलाईट लावली की लगेच, म्हणजे एका सेकंदात, काटा लालच्या जवळ जातो. लाईट बंद केली की परत खाली. इंडिकेटर लावला तर डॅशबोर्डचे दिवे त्याच्या तालावर मंद-तेज व्हायलेत. आणि दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला पाच मिनिटं थांबलं की लाईट बंद असतानापण काटा चढतोच, फॅन फिरतोय पण आवाज दमल्यासारखा येतोय. आधीच्या मालकानं १००/९० वॅटचे बल्ब, डिकीत मोठा ॲम्प्लिफायर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर टाकलेला आहे.

एका गॅरेजला दोनदा दाखवली. पहिल्यांदा त्यांनी थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरला सोडणारी झडप) काढूनच टाकला, आपल्या उन्हाला लागत नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवायचं, २८ हजार होतील. पण माझं मन घेईना झालंय, कारण ऑइलमध्ये पाणी नाही, कूलंटच्या डब्यात बुडबुडे नाहीत, पांढरा धूर नाही, पाणीपण कमी होत नाही. हेड खरंच उतरवावं का? आणि दुसरं, बॉनेटला बिजागरीपाशी चिरा पडल्यात, त्याला घरी काय करता येईल? तिसरं म्हणजे पुढं जाऊन जास्त पॉवरचं इंजिन बसवायचा विचार आहे, तर आत्ताच बसवावं का म्हणजे हे सगळं एकदाच मिटंल?

साताऱ्याचा_रेसर

भावा गाडी एक नंबर, फोटो टाक आधी. माझं मत विचारशील तर त्या रेनोच्या इंजिनमागं वेळ घालवू नको, पार्ट मिळत नाहीत. जुन्या एस्टीमचं १.३ इंजिन गिअरबॉक्ससकट स्क्रॅपला मिळतं, माउंटिंग बनवून घे, वजन कमी असल्यानं गाडी उडेल. कूलिंग पण त्याचंच येईल, सगळा प्रॉब्लेम खलास.

तारयंत्री_काका

बाळा, मी सोलापुरातच ३४ वर्षं गाड्यांचं वायरिंग केलंय, आता दुकान बंद केलं, घरी असतो. तुझी पोस्ट दोनदा वाचली. हेडला हात लावू नको. इंजिन बदलायचं तर नावच काढू नको अजून.

काटा एका सेकंदात चढतो म्हणालास ना? पाणी एका सेकंदात तापत नाही रे. स्विच दाबल्याबरोबर जे हलतं ते पाणी नसतं, करंट असतो. तुझ्या गाडीचं अर्थिंग गेलंय.

आता तुझ्या गाडीत हे एवढं का त्रास देतंय ते समजून घे. साध्या गाडीत सगळी बॉडी पत्र्याची, म्हणून कंपनी बल्बला, पंख्याला, हॉर्नला एकच वायर देते आणि दुसरी बाजू पत्र्याला चिकटवते, पत्राच बॅटरीच्या मायनसपर्यंत करंट परत नेतो. तुझी बॉडी फायबरची. फायबरमधनं करंट जात नाही, काचेच्या बरणीतनं जाईल का? म्हणून या गाडीत प्रत्येक वस्तूची मायनस वायर लोखंडी फ्रेमपर्यंत किंवा बॅटरीपर्यंत यावीच लागते. आता जो कोणी ॲम्प्लिफायर आणि मोठे बल्ब बसवून गेला त्यानं साध्या गाडीची सवय म्हणून मायनस कुठल्यातरी पट्टीला स्क्रूनं आवळली असणार आणि ती पट्टी फायबरला रिव्हेट केलेली असणार. मग करंट परत जायला वाट शोधतो, रेडिओच्या अँटेनाच्या केबलमधनं जाईल, दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधनं उलटा जाईल. इंडिकेटरच्या तालावर डॅशबोर्ड लुकलुकतो तो म्हणूनच.

काटा का चढतो ते पण सांगतो. अशा मीटरच्या आत दोन कॉइल असतात, एक थंडकडं ओढते, एक गरमकडं. थंडवाली डॅशबोर्डच्या अर्थला जोडलेली, गरमवाली इंजिनवरच्या सेन्सरमधनं इंजिनच्या अर्थला. लाईट लावल्यावर डॅशबोर्डच्या खराब अर्थवर व्होल्टेज साचतं, थंडवाली कॉइल कमजोर पडते, काटा गरमकडं सरकतो. इंजिनला काही झालेलं नसतं.

हे माझ्यावर विश्वास ठेवून करू नको, मोजून बघ. साधा मल्टिमीटर चालतो, डीसी २० व्होल्टवर ठेव. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर धर, टर्मिनलवर नाही, खांबावर, म्हणजे टर्मिनल ढिलं असंल तर तेपण पकडलं जाईल. इंजिन चालू, हेडलाईट चालू, पंखा चालू. आता लाल पिन एकेक करून पंख्याच्या मायनसला लाव, हेडलाईटच्या मायनसला, डॅशबोर्डच्या मागच्या अर्थला, इंजिनच्या ब्लॉकला आणि फ्रेमवर एखादा बोल्ट घासून तिथं. चांगलं अर्थिंग असंल तर ०.१, फार तर ०.२ दाखवंल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की तिथं चोर बसलाय समज. सेल्फ मारताना ब्लॉकवर पण बघ, तेव्हा अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं कारण स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो.

ओहमवर ठेवून बीप वाजवत बसू नको. एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, पण त्या एका तारेतनं पंखा फिरत नाही. लोड देऊनच मोजायचं. आकडे इथं टाक.

पद्मिनीवाली

काकांचं बरोबर आहे पण दादा तुम्ही सिग्नलला लाईट बंद असतानापण काटा चढतो असं लिहिलंय, ते वेगळं घ्या, तिथं खरंच तापत असेल. मी जुळे सोलापूरला राहते, वडिलांची १९८६ ची पद्मिनी तीन वर्षं झाली मीच सांभाळते, आपल्या गावात उन्हाळ्यात गाडी चालवायची तर कूलिंग हाच अर्धा अभ्यास आहे, मे महिन्यात ४३-४४ ला हवाच इतकी गरम असते की रेडिएटरला उष्णता टाकायला जागा उरत नाही.

पहिलं म्हणजे तापमान खरं किती आहे ते मीटरच्या काट्यावर न सोडता इन्फ्रारेड थर्मामीटरनं बघा, हजाराच्या आत मिळतं. फक्त चकचकीत ॲल्युमिनियमवर ते खोटं कमी दाखवतं, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्या टेपवर नेम धरायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी पहिल्यांदा नुसत्या धातूवर ५८ डिग्री बघून खूश झाले होते आणि इंजिन इकडे उकळत होतं.

दुसरं, थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढला की पाणी न थांबता पळत राहतं, हायवेला इंजिन थंड राहतं, कंप्युटर थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज जातं, आणि काही इंजिनमध्ये थर्मोस्टॅट बायपासचा रस्तापण बंद करतो, तो नसला की गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं. म्हणजे उन्हाळ्यासाठी काढला आणि उन्हाळ्यातच तापली. युरोपातल्या या इंजिनांना ८९ डिग्रीच्या आसपास उघडणारा असतो. घालायच्या आधी पातेल्यात दोऱ्याला टांगून पाणी तापवा, उघडताना डोळ्यांनी दिसतो.

तिसरं आणि सगळ्यात सोलापूरचं, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं होतं? आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून सगळीकडं बोअरचं वापरतात, गॅरेजमध्ये पण पाईप लावून बोअरचंच भरतात. त्या पाण्यानं किटली पांढरी होते तसा रेडिएटर आतनं पांढरा होतो, आणि क्षाराचा पातळसा थरसुद्धा उष्णता अडवतो. माझ्या पद्मिनीच्या रेडिएटरच्या खालच्या तीन ओळी पूर्ण बंद होत्या, वर हात लावला तर चटका आणि खाली हात लावला तर गार, तेव्हा कळलं. तुमचा पण इंजिन गरम असताना पंखा बंद करून असा हात फिरवून बघा, गार पट्टा सापडला तर तिथं चोंदलंय. लिंबूसत म्हणजे सायट्रिक ॲसिड लिटरला ४० ग्रॅम, कोमट पाण्यात, वीस-पंचवीस मिनिटं फिरवून काढायचं, मग तीनदा डिस्टिल्ड वॉटरनं धुवायचं. जास्त वेळ ठेवू नका, ॲल्युमिनियम आहे. मग अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर, भरताना हीटर फुल गरमवर म्हणजे हवा अडकत नाही.

आणि काढलेलं कूलंट गटारीत किंवा बादलीत उघडं ठेवू नका. गोड असतं, कुत्री पितात आणि मरतात. आमच्या गल्लीत झालंय.

जुने_पासिंग

सातारकरांनी सांगितलेलं एस्टीमचं इंजिन टाकायच्या आधी हे वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन खराब झालं म्हणून त्याच मेकचं त्याच प्रकारचं बदलायला आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवीन नंबर चढवता येतो, पण दुसऱ्याच कंपनीचं दुसऱ्या ताकदीचं इंजिन म्हणजे गाडी कागदावर मेली. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला हाच मुद्दा काढणार आणि समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून जायची वेळ येईल.

तुमची २००७ ची म्हणजे १५ वर्षं २०२२ ला संपली, पाच वर्षांचं रिन्यूअल २०२७ ला परत येणार. १ एप्रिल २०२२ ला १५ वर्षांवरच्या खाजगी कारची रिन्यूअल फी ६०० ची ५००० झाली होती, वर आपला पर्यावरण कर. तिथं गाडी समोर उभी करून तपासतात, चेसिस नंबर, इंजिन नंबर, पीयूसी, लाईट सगळं. तो फ्री-फ्लो आणि १००/९० चे बल्ब तेव्हा अडवणारच, म्हणून जुना सायलेन्सर असेल तर जपून ठेवा. व्हिंटेजचा नियम इथं लागत नाही, तो ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे. गाडी अजून गोवा पासिंग असेल तर एनओसी आणून एमएच-१३ करून घ्या, मी माझ्या गाडीचं ते चार वर्षं पुढं ढकललं आणि शेवटी दंडासकट भरलं.

साताऱ्याचा_रेसर

आरसीचं हे एवढं माहीत नव्हतं, माझा सल्ला मागे घेतो. सॉरी भावा. माझ्या मित्रानं असं इंजिन टाकलेलं आहे, त्याला पण हे वाचायला देतो.

होटगीरोडचा_पोरगा

काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी सहाला बसलो, दुपारी बारापर्यंत मोजलं, आकडे असे आलेत, सगळे काकांनी सांगितल्याप्रमाणं बॅटरीच्या खांबापासून, इंजिन चालू आणि सगळं लोडवर.

फ्रेम ०.०८. इंजिन ब्लॉक ०.१२, सेल्फ मारताना ०.९. पंख्याची मायनस १.४. उजवी हेडलाईट १.१, डावी १.९. डॅशबोर्डचं अर्थ लाईट बंद असताना ०.३ आणि लाईट लावल्यावर २.२. लाईट लावली की मीटरवर ०.३ चे २.२ होतात आणि त्याच क्षणाला काटा चढतो, मी चार-पाच वेळा चालू-बंद करून बघितलं, दोन्ही एकदमच हलायलेत.

मग ग्लोव्ह बॉक्स काढून डोकं आत घातलं, टॉर्च तोंडात धरून. काका तुम्ही बोललात तसंच निघालं. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला एक छोटी लोखंडी पट्टी आहे, फायबरला दोन रिव्हेट मारलेली, तिला कशाचाच आधार नाही, मागं पण फायबरच. तिच्यावर एका पत्र्याच्या स्क्रूखाली सात वायरी कोंबलेल्या, त्यातल्या चार टेप गुंडाळून वाढवलेल्या. मी नुसतं बोट लावलं तर एक थिंबल (वायरच्या टोकाला दाबलेलं धातूचं कडं) हातात आलं. तांबं हिरवं पडलेलं, चुरगाळलं की भुगा व्हायला. त्या पट्टीवरनं फ्रेमला जाणारी एकच वायर होती, स्पीकरला लावतात तसली बारीक, आणि तिचं पीव्हीसी वितळून कार्पेटला चिकटलं होतं. कार्पेटवर रुपयाएवढा काळा डाग आहे. ते बघून मी तिथंच बसून राहिलो थोडा वेळ. पायाखाली फायबर, मागं पेट्रोलची टाकी.

बॅटरीची मायनस काढून ठेवलीय, आता गाडी चालवत नाही. पुढं काय आणू ते सांगा. इन्फ्रारेड पण आणलं ताई, सिग्नलला थांबल्यासारखं उभी करून चालवली तर टेपवर १०६ पर्यंत गेलं, म्हणजे तुमचंपण बरोबर, खरंच तापतेय. रेडिएटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात गार पट्टा आहे.

तारयंत्री_काका

शाबास. बॅटरी काढून ठेवलीस ते सगळ्यात चांगलं केलंस. फायबरचं रेझिन एकदा पेटलं तर विझवायला हाती काही लागत नाही, मी एक गाडी जळालेली बघितलीय, खाली फक्त फ्रेम आणि इंजिन राहिलं होतं. आजच्या आज एक किलोचा पावडरचा सिलिंडर आणून सीटमागं ठेव.

बघ, तुझे आकडे काय सांगतात. पंख्याच्या मायनसला १.४ व्होल्ट अडकले. अल्टरनेटर १३.८ देतोय धर, प्लस बाजूला पण थोडं जातंच, म्हणजे पंख्याला १२ च्या आसपास मिळायलेत. व्होल्टेज कमी म्हणजे स्पीड कमी, आणि पंख्याची हवा थोड्या स्पीडनं पण बरीच कमी होते. तो दमल्यासारखा आवाज तोच. म्हणून सिग्नलला तापते, त्यात त्या पोरीनं सांगितलेला क्षार आणि नसलेला थर्मोस्टॅट. तीन गोष्टी एकत्र झाल्यात, एकटी एकही हेड गॅस्केट नाही.

आता सामान. बॅटरी मायनस ते फ्रेम आणि फ्रेम ते इंजिन ब्लॉक, दोन्ही २५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल घे, तांब्याचीच, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते ती घेऊ नको, कापून बघ, आतनं पांढरी दिसली तर परत कर. थिंबल प्रेसनं दाबून घे, नुसतं हातोडीनं ठोकून नाही. अशोक चौकाकडं वेल्डिंग मशिनच्या दुकानात दाबून देतात.

डॅशबोर्डच्या मागं पितळी पट्टी लाव, हाताच्या पंजाएवढी लांब, तिच्यावर सहा बोल्ट. लेथवाल्याकडं गेलास की अर्ध्या तासात भोकं पाडून आटे घालून देतो, आपल्या गावात यंत्रमागांच्या कामामुळं लेथवाल्यांची कमी नाही. त्या पट्टीवरनं १० स्क्वेअरची एक वायर थेट बॅटरीच्या मायनसला. तशीच दुसरी छोटी पट्टी पुढं रेडिएटरपाशी, पंखा आणि दोन्ही हेडलाईट तिच्यावर. एका बोल्टखाली फार तर दोन थिंबल. फ्रेमवर जिथं बोल्ट मारशील तिथला रंग चमकेपर्यंत घास, खाली दातेरी वॉशर टाक, आवळ आणि आवळून झाल्यावर वरनं व्हॅसलिन लाव. आधी लावायचं नाही.

आणि ते १००/९० चे बल्ब काढ. दोन्हीचे ९० धरले तरी १८० वॅट म्हणजे १५ अँपिअर स्विचमधनं जायलेत, मूळ ५५ चे असते तर नऊ. कंपनीची वायर आणि स्विच नऊच्या हिशोबाचे आहेत. ६०/५५ चे चांगले बल्ब टाक आणि रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच) लाव. रिलेची प्लस बॅटरीवरनं घे, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच पाहिजे. फ्यूज लांब ठेवलास तर बॅटरी ते फ्यूजमधली वायर राखायला कुणी नाही. तुला वाटंल प्रकाश कमी होईल, पण बल्बला पूर्ण १३.५ मिळाले की ५५ चा बल्ब आत्ताच्या ९० पेक्षा पांढरा पडतो. माझ्याकडं असले कितीतरी लोक बल्ब बदलून द्या म्हणत यायचे आणि मी वायर बदलून द्यायचो.

फायबरवाला_एमआयडीसी

बॉनेटचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत फायबरच्या टाक्या आणि दरवाज्यांचं काम आहे, गाडीचं रोज नाही करत पण माल तोच.

बिजागरीपाशी चिरा पडल्यात म्हणजे तिथं ताण येतोय, आधी बिजागरी नीट सरळ आहे का आणि बॉनेटखालचं रबर आहे का ते बघा, नाहीतर दुरुस्ती केलेली परत फुटणार. वरनं लांबी म्हणजे पुट्टी भरून रंग मारायचा नाही. चीर खाली काचेच्या थरापर्यंत गेलेली असते, लांबी तिला धरून ठेवत नाही, दोन महिन्यांत रंगावर परत तीच रेघ उठते. बॉनेट काढून उलटं ठेवा, आतल्या बाजूनं चिरेच्या दोन्हीकडं ग्राइंडरनं उतार द्या, थर तीन एमएम जाड असेल तर उतार तीन-साडेतीन सेंटीमीटर लांब पाहिजे, बशीसारखा. मग आधी लहान मग मोठा असे मॅटचे म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून, तीन थर, प्रत्येक थरातली हवा रोलरनं काढायची, पांढरे ठिपके दिसले तर तिथं हवा आहे.

आता उन्हाळ्याचं महत्त्वाचं. हार्डनर म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव, ते रेझिनच्या एक ते दोन टक्के सांगतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन टक्के टाकलं तर डब्यातच दहा मिनिटांत जेली होते आणि धूर निघतो. सकाळी सहा-सातला काम करा, एक टक्का टाका, एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच कालवा, उथळ पसरट भांड्यात. आणि हे मोठ्या अक्षरात समजा, कोबाल्ट म्हणजे ॲक्सिलरेटर आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. दुकानातनं कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागून घ्या म्हणजे घरी तो प्रश्नच नको. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जातो, चष्मा पाहिजेच.

घासताना ओला वॉटर पेपर वापरा, चांगला मास्क घाला, फुल बाह्यांचा शर्ट. अंगाला काचेची कूस लागली तर आधी गार पाण्यानं धुवा, गरम पाणी घेतलं की खाज आत जाते. आमच्याकडं नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

आणि जॅक लावताना फायबरला लावू नका, फ्रेमलाच. खाली शिरायचं तर स्टँड पाहिजेत, विटा नाहीत. वीट कधी फुटते ते सांगून फुटत नाही.

होटगीरोडचा_पोरगा

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळं एकट्यानं केलं, फक्त थिंबल दाबून आणि पट्ट्या बनवून बाहेरनं आणल्या. जुन्या वायरी काढल्या तर जवळजवळ एक किलो भरल्या, ॲम्प्लिफायरपण काढला.

आता आकडे. डॅशबोर्डचं अर्थ सगळे दिवे लावून ०.०६. पंखा ०.०९. हेडलाईट दोन्हीकडं ०.०७. सेल्फ मारताना ब्लॉक ०.२, आणि सेल्फचा आवाजच बदलला, आधी कण्हायचा आता एका झटक्यात घेतोय. पंखा चालू झाला तेव्हा मी दचकलो, इतका जोरात फिरायला. रेडिएटरमधनं लिंबूसत घातल्यावर जे पाणी निघालं ते ताकासारखं होतं, दोनदा करायला लागलं. थर्मोस्टॅट पातेल्यात बघितला, आईच्या दुधाच्या पातेल्यात नाही, वेगळं घेतलं. काल दुपारी दीड वाजता मुद्दाम सात रस्ता, तिथनं आसरा चौक, परत, एसी नाही, बाहेर ४१. टेपवर ९६ च्या वर गेलं नाही, पंखा लागतो, ९० ला येतो, बंद होतो. हेडलाईट लावली, काटा जागचा हलला नाही. मी सिग्नलला उभं राहून लाईट चालू-बंद चालू-बंद करत होतो, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला.

२८ हजारांचं हेड वाचलं. एकूण खर्च केबल, पट्ट्या, रिले, बल्ब, थर्मोस्टॅट, कूलंट आणि तो सिलिंडर धरून सहा हजार तीनशे. इंजिन बदलायचा विचार सोडला. बॉनेट या रविवारी सकाळी सहाला. काका, तुम्ही घरी असता म्हणालात, एकदा गाडी घेऊन तुमच्याकडं येऊ का? तुम्हाला शेजारी बसवून सिद्धेश्वर तळ्याला एक चक्कर मारायचीय.

पद्मिनीवाली

वाचून खूप बरं वाटलं दादा. ते ताकासारखं पाणी म्हणजे बरीच वर्षं बोअरचं. सहा महिन्यांनी एकदा परत हात फिरवून गार पट्टा बघत जा, आणि डिस्टिल्डचा पाच लिटरचा कॅन गाडीतच ठेवा म्हणजे वाटेत कुणी बोअरचं ओतणार नाही.

तारयंत्री_काका

ये की, कधीपण ये, संध्याकाळी पाचनंतर ये म्हणजे ऊन उतरलेलं असतं. पण येताना पुढची ग्रिल काढता येईल असा पाना घेऊन ये, मला पंख्याच्या रिलेचा फ्यूज बघायचाय. किती अँपिअरचा टाकलास आणि तिथपर्यंतची वायर किती स्क्वेअरची ते लिहिलं नाहीस.

होटगीरोडचा_पोरगा

२० चा टाकलाय काका, वायर ४ स्क्वेअर, बॅटरीपासून फ्यूजपर्यंत १५ सेंटीमीटर. क्लॅम्प मीटरनं बघितलं, पंखा ११ अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर २५ च्या पुढं जातो पण फ्यूज उडाला नाही. शनिवारी पाचला येतो.

तारयंत्री_काका

बरोबर आहे. तसंच ठेव. शनिवारी मी चहा टाकून ठेवतो.